सत्य मागण्याचा अधिकार

सत्य बोलावें कीं नाहीं या प्रश्नाची चर्चा नीतिग्रंथांत पुष्कळ झालेली आहे. सत्य मागावें कीं नाहीं या प्रश्नाची फारशी झालेली दिसत नाहीं. बोलणाऱ्याचें कर्तव्य ठरविण्यासाठीं पंडितांनीं जितका काथ्याकूट केला, त्याच्या दशांशही विचार विचारणाऱ्याच्या अधिकाराचा केलेला आढळत नाहीं. आणि व्यवहारांत पाहावें तों "खरें काय तें सांग" असें म्हणणारा मनुष्य बहुधा न्यायासनावर बसलेला असतो, व ज्याला सांगावयाचें तो आरोपीच्या पिंजऱ्यांत उभा असतो. न्यायाधीशाचें अंतःकरण तपासण्याची सोय कोणत्याही न्यायालयांत नाहीं. घरांतल्या न्यायालयांत तर नाहींच नाहीं. हा प्रश्न येथें काढावासा वाटला तो एका इंग्रजी चित्रपटाच्या निमित्तानें.

पॅट्रिक मार्बर या इंग्रज नाटककाराचें 'क्लोझर' हें नाटक १९९७ सालीं लंडनच्या नॅशनल थिएटरमध्यें प्रथम रंगभूमीवर आलें. त्यावरून माइक निकल्स यानें २००४ सालीं चित्रपट काढला. पटकथा मार्बरनेंच लिहून दिली. निकल्स हा रंगभूमीवर मुरलेला दिग्दर्शक. एडवर्ड आल्बीच्या 'हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फ?' या १९६२ सालच्या नाटकावर त्यानें १९६६ सालीं केलेला चित्रपट ज्यांनीं पाहिला असेल, त्यांना चार माणसें एका खोलींत कोंडून त्यांच्या जिभांवर कॅमेरा रोखण्याची त्याची हातोटी ठाऊक असेल. 'क्लोझर'मध्यें ज्युलिया रॉबर्ट्स, जूड लॉ, नॅटली पोर्टमन व क्लाइव्ह ओवेन अशीं चौघें आहेत. यांपैकीं ओवेननें मूळच्या नाट्यप्रयोगांत डॅनची भूमिका केली होती, आणि चित्रपटांत तोच डॅनचा प्रतिस्पर्धी लॅरी झाला आहे. हीं दोन पात्रें एकमेकांच्या जागीं किती सहज बसतात हें त्यावरून समजून यावें.

कथानक सांगण्यासारखें थोडेंच आहे. लंडनच्या रस्त्यावर ॲलिस नांवाची तरुण अमेरिकन मुलगी टॅक्सीचा धक्का लागून पडते. डॅन तिला रुग्णालयांत नेतो आणि पुढें दोघें एकत्र राहूं लागतात. तिच्याच आयुष्यावर तो एक पुस्तक लिहितो, व त्या पुस्तकासाठीं छायाचित्र काढून घेण्यास गेला असतां ॲना या छायाचित्रकार स्त्रीवर लुब्ध होतो. ती दाद देत नाहीं असें पाहून तो संगणकाच्या पडद्याआडून तिच्या नांवानें स्त्रीचें सोंग आणतो, एका अनोळखी डॉक्टराशीं नको तें संभाषण करतो, आणि थट्टेखातर त्याला मत्स्यालयांत भेटीस बोलावतो. त्वचारोगांचा तो डॉक्टर लॅरी तेथें जातो तों खरी ॲना समोर असते! फजितीचा पहिला क्षण ओसरल्यावर दोघांची ओळख होते व पुढें विवाहही होतो. त्यानंतर ॲना आणि डॅन यांचें प्रकरण वर्षभर लपून चालतें, मग उघड होतें, दोन्ही घरें मोडतात. कालांतरानें ॲना लॅरीकडे परतते, डॅन ॲलिसला शोधून काढतो, आणि ॲलिस त्याला कायमची सोडून जाते.

हा चित्रपट 'नाटकी' आहे असा आक्षेप घेणारे लोक आम्हांस भेटले आहेत. आक्षेपांत तथ्य नाहीं असें नाहीं. या चौघांवांचून पांचव्या माणसाला बोलण्यासारखें कांहीं काम नाहीं. त्यांना शेजारीपाजारी नाहींत, घरीं आजारी सासू नाहीं, फीसाठीं पैसे मागणारें पोर नाहीं. बहुतेक सर्व चित्रपट खोल्यांत घडतो आणि बोलण्यांत घडतो. परंतु आम्हांस विशेष वाटला तो यांतील काळाचा हिशेब. सुमारें चार वर्षांची ही हकीकत. पण एका दृश्यांतून दुसऱ्या दृश्यांत जातांना मध्यें वर्ष उलटून गेलें आहे हें प्रेक्षकाला कोणी सांगत नाहीं. तें एखाद्या ओझरत्या वाक्यावरून त्यानें ओळखावयाचें. लॅरी व ॲना यांचा विवाह आपणांस दिसत नाहीं. डॅन व ॲलिस यांच्या सुखाचे महिने दिसत नाहींत. त्यांनीं कोणत्या दिवशीं काय रांधलें, कोण आजारी पडलें, कोणीं कोणाची वाट पाहिली, यांतलें कांहींही नाहीं. दिसतात त्या फक्त पहिल्या भेटी आणि शेवटचीं भांडणें.

रंगभूमीचा हा जुनाच प्रघात आहे. दोन अंकांमधील काळ नाटककार पडद्याआड टाकतो. येथें मात्र त्या प्रघातांतूनच नाटकाचा अर्थ निघतो असें आमचें मत आहे. कारण जे दिवस पडद्याआड गेले, त्यांतच एक मनुष्य दुसऱ्याला ओळखीत असतो. पंचवीस वर्षें संसार केलेल्या स्त्रीला नवरा दारांत शिरतांना त्याच्या पावलांच्या आवाजावरून जें कळतें, तें तिनें प्रश्न विचारून मिळविलेलें नसतें. या चौघांजवळ त्या दिवसांची कांहीं पुंजीच नाहीं. निदान नाटककार तरी ती आपल्याला दाखवीत नाहीं. म्हणून जें सहवासांतून मिळावयाचें तें हीं माणसें उलटतपासणीनें मिळवूं पाहतात. आणि उलटतपासणींत जें हातीं लागतें तें खरें असूनही त्यांच्या कांहीं कामीं येत नाहीं.

ज्या रात्रीं दोन्ही घरें मोडतात ती या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. लॅरी न्यूयॉर्कहून परत आला आहे. तेथें तो एका वारांगनेकडे गेला होता हें तो आपण होऊन ॲनाला सांगतो. कां सांगतो? तिला कळावें म्हणून नव्हे. आपलें ओझें उतरावें म्हणून, आणि तिच्याकडून क्षमेची पावती मिळावी म्हणून. पावतीऐवजीं त्याला कळतें तें हें कीं ती त्याला सोडून डॅनकडे चालली आहे. मग तो प्रश्न विचारूं लागतो. केव्हां, कोठें, घरांतल्या कोणत्या जागीं, किती वेळां, आणि त्यापुढचे जे प्रश्न या पृष्ठावर लिहितां येण्यासारखे नाहींत तेही. ॲना प्रथम टाळते, मग एकेक उत्तर देते, आणि शेवटीं त्याला हवें असलेलें सारें त्याच्याच शब्दांत त्याच्या तोंडावर फेकते. ऑथेल्लो इयागोजवळ डोळ्यांनीं दिसेल असा पुरावा मागतो तो प्रवेश येथें आठवल्याखेरीज राहत नाहीं. फरक इतकाच कीं लॅरीला इयागोची गरज नाहीं. स्वतःच्या कानांत विष ओतण्याचें काम तो स्वतःच करतो.

आतां लॅरीला विचारण्याचा अधिकार नव्हता काय? होता. पत्नी आपल्याला सोडून जात आहे किंवा काय, कोणासाठीं, आणि हें केव्हांपासून चाललें आहे, एवढें विचारण्याचा त्याला पूर्ण अधिकार होता. जी गोष्ट कळल्यानें माणसाचा स्वतःच्या आयुष्याविषयींचा निर्णय बदलेल ती त्याच्यापासून लपविणें म्हणजे त्याचा निर्णयच चोरणें होय. "तिला दुःख होऊं नये म्हणून लपविलें" असें म्हणणारा गृहस्थ दुःखापासून नेमका कोणाला वांचवीत होता हें शोधूं गेल्यास तो बहुधा स्वतःलाच वांचवीत होता असें आढळेल. यासाठीं संसारांत खोटेपणाची मोकळीक द्यावी असा आमच्या लिहिण्याचा अर्थ कोणीं घेऊं नये. परंतु निर्णयाला जेवढें सत्य लागतें तेवढें मिळाल्यावर लॅरी थांबत नाहीं. त्यापुढचे त्याचे प्रश्न निर्णयासाठीं नाहींत. निर्णय ॲनानें घेतलेलाच आहे. ते प्रश्न तिला उघडी करण्यासाठीं आहेत. तेथें त्याचा अधिकार संपला, असें आम्हांस वाटतें.

तत्त्ववेत्त्यांकडे या बाबतींत मदत मागावयास जावें तर मौज दिसते. १७९७ सालीं कांटनें बेंजामिन कॉन्स्टंट या फ्रेंच लेखकाला उत्तर म्हणून एक लहानसा निबंध लिहिला. मारेकरी दारांत उभा राहून, ज्याला मारावयाचें तो तुझा मित्र घरांत आहे काय, असें विचारतो. त्या वेळींही खोटें बोलण्याचा आपणांस अधिकार नाहीं, असा त्याचा निर्णय. आमच्या महाभारतानें हीच परिस्थिति घेऊन उलट निर्णय दिला आहे. कर्णपर्वांत श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिक ब्राह्मणाची कथा सांगतो. सदैव सत्य बोलण्याचें व्रत घेतलेल्या त्या ब्राह्मणानें, जीव घेऊन पळालेले लोक कोणत्या रानांत दडले आहेत तें दस्यूंना खरेंखरें सांगितलें. ते लोक मारले गेले व कौशिक नरकांत गेला. लोकमान्य टिळकांनीं 'गीतारहस्या'च्या कर्मजिज्ञासा प्रकरणांत सत्याच्या अपवादांचा विचार करतांना इंग्रज नीतिशास्त्रज्ञांचीं मतेंही तपासलीं आहेत, हें वाचकांना आठवत असेल. पण कांट घ्या, व्यास घ्या, दोन्ही ठिकाणीं उत्तर देणाऱ्याचाच न्याय होतो. विचारणारा दोन्ही गोष्टींत खुनीच आहे, म्हणून त्याच्याविषयीं कांहीं विचार करण्याचें कारणच उरत नाहीं. आमची अडचण अशी कीं प्रेमांत विचारणारा दस्यु नसतो. तो दुखावलेला असतो, पुष्कळदां त्याची बाजू न्यायाची असते, आणि हातांत शस्त्र आहे याची त्याची त्यालाच जाणीव नसते.

डॅनची गोष्ट याहून वाईट आहे. हा गृहस्थ वर्तमानपत्रांत मृत्युलेख लिहून पोट भरतो. दारूबाज मेला तर त्याला आनंदी स्वभावाचा म्हणावें, असल्या सभ्य आडपडद्यांची भाषा हाच त्याचा धंदा. ॲलिसला त्यानें वर्षभर फसविलेलें आहे. तिला टाकून तो गेला, मग ॲनानें त्याला सोडल्यावर पुन्हां तिच्याकडे आला. विमानतळाजवळच्या एका खोलींत दोघें उतरलीं आहेत, सकाळीं न्यूयॉर्कला निघावयाचें आहे, दोघेंही खुषींत आहेत. आणि तेव्हां त्याला सत्याची आठवण होते. मधल्या काळांत लॅरीशीं तुझा संबंध आला होता काय, हें तो विचारूं लागतो. उत्तर त्याला आधींच कळलेलें आहे. निरोप घेतांना लॅरीनेंच तो कांटा त्याच्या अंगांत रोंवून दिला होता. तरी त्याला तें तिच्या तोंडून हवें आहे. सत्य नसेल तर आपण जनावरें ठरूं, अशा अर्थाचें व्याख्यानही तो देतो. ज्या दिवसांविषयीं तो जाब मागत होता त्या दिवसांत ॲलिस त्याची कोणी नव्हती. त्यानेंच तिला टाकून दिलें होतें. तिचा त्या दिवसांतील हिशेब मागण्याचा त्याचा अधिकार रस्त्यावरच्या कोणाही परक्याहून काडीनेंही अधिक नव्हता. ती प्रथम नाकारते. नंतर तिचें प्रेम तेथल्या तेथें संपतें आणि ती खरें काय तें सांगून टाकते. सत्याचा हा उपासक त्यावर तिच्या थोबाडींत मारतो.

शेक्सपिअरची डेस्डिमोना मरतांना खोटें बोलते. हें कोणीं केलें असें विचारल्यावर ती नवऱ्याचें नांव न घेतां सारें स्वतःवर घेते. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तील सिंधूनेंही मरणाच्या दारांत सुधाकराला वांचविण्यासाठीं खोटी जबानी दिली, आणि १९१९ सालापासून मराठी प्रेक्षक त्या असत्यावर आंसवें गाळीत आला आहे. या दोघींच्या खोट्या बोलण्यांत आणि डॅनच्या खऱ्या बोलण्यांत अधिक निर्मळ कोणतें, हें विचारण्याचीही गरज नाहीं. सिंधूच्या असत्याची किंमत सिंधूनें भरली. डॅनच्या सत्याची किंमत दुसऱ्यानें भरावयाची असते. तथापि या उदाहरणांनीं आमचें पूर्ण समाधान होत नाहीं, तें अशासाठीं कीं हीं दोन्ही असत्यें पुरुषांनीं लिहिलेलीं आहेत. नवऱ्याचा अपराध आपल्या अंगावर घेऊन मरणारी बायको पुरुषांच्या रंगभूमीला फार आवडत आली आहे. मार्बरची ॲलिस तसें करीत नाहीं. ती उठून चालूं लागते. एवढ्यापुरतें तरी त्याच्या नाटकानें एक पाऊल पुढें टाकलें म्हणावयाचें.

चित्रपटांत मोत्सार्टच्या 'कोझी फान तुत्ते' या संगीतिकेचे सूर ऐकूं येतात ते उगीच नव्हेत. १७९० सालच्या त्या संगीतिकेंत दोन तरुण आपापल्या प्रेयसीची निष्ठा पारखण्यासाठीं वेष पालटून येतात, आणि दोघींनाही चळवितात. परीक्षेंत मुली नापास होतात. सोंगें घेऊन खोटेपणा करणारे परीक्षक कोणत्या वर्गांत उत्तीर्ण झाले, हें मात्र कोणी विचारीत नाहीं!

उत्तम दृश्य म्हणून आम्ही जें सांगूं तें निराळेंच. पत्नी गेल्यानें बेभान झालेला लॅरी, पुरुषांपुढें वस्त्रें उतरवून नाचणाऱ्या मुलींच्या एका क्लबांत जातो तों तेथें ॲलिस त्या कामावर असते. तो तिला ओळखतो. ती ओळख देत नाहीं. तो नोटांवर नोटा काढून देतो आणि एकच मागतो, तुझें खरें नांव सांग. ती सांगते, जेन जोन्स. तो विश्वास ठेवीत नाहीं. पुन्हां पैसे, पुन्हां प्रश्न, पुन्हां तेंच उत्तर. तो चिडतो, गयावया करतो, पण ती आपल्याला बनवीत आहे ही त्याची खात्री कांहीं हलत नाहीं. आणि चित्रपट संपतांना आपणांस कळतें कीं तें नांव खरें होतें. डॅनला जें कधींच मिळालें नाहीं तें लॅरीच्या हातावर ठेवलें गेलें होतें, आणि त्यानें तें खोटें नाणें समजून फेकून दिलें. पैसे मोजून विकत घेतलेलें सत्य घेणाऱ्यालाच खरें वाटेना. सत्याचें मूल्य बोलणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर अवलंबून असतें असें आपण समजतों; तें घेणाऱ्याच्या लायकीवरही किती अवलंबून असतें हें दाखविणारा असा दुसरा प्रवेश अलीकडच्या इंग्रजी नाटकांत आमच्या तरी पाहण्यांत नाहीं.

नाटकांत दोष नाहींत असें नव्हे. चौघेंही सारख्याच चलाखीनें बोलतात. एकाचें वाक्य दुसऱ्याच्या तोंडीं घातलें तरी फारसें बिघडणार नाहीं. मृत्युलेखक, छायाचित्रकार, त्वचेचा डॉक्टर आणि अंग दाखवून पोट भरणारी मुलगी, असे सगळेच धंदे वरवरच्या रूपाचे, ही योजना इतकी रेखीव आहे कीं लेखकाची फूटपट्टी दिसूं लागते. सगळें शहाणपण त्यांतल्या त्यांत लहान मुलीच्या पदरांत टाकणें आणि तिला गूढ ठेवणें, हीही एक पुरुषी हौसच. कांहीं वाचक म्हणतील कीं असलीं स्वैर माणसें आपल्याकडे नाहींत, मग त्यांचा विचार कशाला? त्यांनीं आपल्या ओळखीच्या चार घरांत रात्रीं नऊनंतर काय बोलणें चालतें याचा शांतपणें अंदाज घ्यावा. हातांत आतां प्रत्येकाच्या फोन आहे, आणि दुसऱ्याचा फोन उघडून पाहण्याचा अधिकार आपणांस आहे असें समजणारीं नवरा-बायकोही आहेत.

लंडनमध्यें सेंट पॉलच्या मंदिराजवळ पोस्टमन्स पार्क नांवाची एक लहानशी बाग आहे. दुसऱ्यांचे प्राण वांचवितांना मेलेल्या सामान्य लोकांचें स्मारक जी. एफ. वॉट्स या चित्रकारानें १९०० सालीं तेथें उभारलें. त्यांतील एका फरशीवर ॲलिस एअर्स हिचें नांव आहे. बरो भागांतील युनियन स्ट्रीटवर १८८५ सालीं घराला आग लागली तेव्हां तीन मुलांना वांचवून ही मजूराची मुलगी मेली. पहिल्याच दिवशीं डॅन आणि ती मुलगी या बागेंत आलीं होतीं. तिनें आपलें नांव तेथूनच उचललें होतें, हें डॅनला शेवटीं एकटा फिरत फिरत तेथें आल्यावर कळतें.

मूळ नाटकांत ती न्यूयॉर्कमध्यें रस्ता ओलांडतांना मोटारीखालीं सांपडून मरते. चित्रपटानें तिला जिवंत ठेवलें हें आम्हांस अधिक योग्य वाटतें. ती मेली असती तर डॅनला निदान एक मृत्युलेख लिहावयास मिळाला असता, आणि तो त्यानें चांगला लिहिला असता. येथें तो फरशीसमोर उभा आहे, आणि तिकडे अमेरिकेच्या विमानतळावरचा अधिकारी तिचें पारपत्र उघडून पाहतो. त्यावर जेन जोन्स असें नांव आहे. तो तिला कांहीं विचारीत नाहीं. पारपत्र परत देतो, आणि ती पुढें निघून जाते.